शाळाबाह्य मुलाला शाळेत आणताना : मराठवाड्यातील गावांसाठी सविस्तर मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी बालाघाटच्या डोंगरातल्या एका वस्तीवरची नऊ मुले आम्ही जून महिन्यात शाळेत दाखल केली. प्रभातफेरी निघाली, गुलाबाची फुले दिली, नवी पुस्तके वाटली, आणि दिवाळीनंतर त्या नवांपैकी एकही मूल वर्गात उरले नाही. आईवडिलांबरोबर ती सगळी ऊसतोडीला गेली होती. ती जाणार हे वस्तीवरच्या प्रत्येक माणसाला जूनमध्येच ठाऊक होते. आम्ही कोणी ते विचारले नव्हते. त्या वर्षापासून मी एक क्रम पाळत आलो आहे. मुलाचे नाव सापडल्या दिवशीच पटावर घ्यायचे, पण ज्या कारणाने ते मूल आजवर बाहेर राहिले ते घरातले कारण सुटेपर्यंत त्या घराची पाठ सोडायची नाही. शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, ग्रामपंचायतीचे पदाधिकारी, बचतगटातील महिला किंवा गावातले तरुण यांपैकी कोणीही हे काम हाती घेऊ शकते, आणि त्यासाठी कुठल्याही पदाची वाट पाहावी लागत नाही.

यादी कशी करावी

शाळाबाह्य म्हणजे केवळ कधीच शाळेत न गेलेले मूल नव्हे. सहा ते चौदा वयोगटातले जे मूल पटावर नाव असूनही सलग एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर आहे, तेही आपल्या राज्यात शाळाबाह्य धरले जाते. पहिल्या प्रकारची मुले शोधावी लागतात, तर दुसऱ्या प्रकारची मुले कागदावर सापडतात. परंतु पट कमी दिसला तर शिक्षकाचे पद जाईल या भीतीने कित्येकदा ती नुसती पटावरच राहतात. म्हणून अंगणवाडी सेविकेची नोंदवही, आशाताईंची कुटुंबनिहाय यादी आणि शाळेचे हजेरीपट ही तिन्ही समोरासमोर ठेवून वाचावीत. अंगणवाडीतून बाहेर पडलेले, पण पहिलीच्या पटावर न आलेले नाव दिसले, की तिथून आपला शोध सुरू होतो.

यादी गावठाणात बसून होत नाही. तांडा, पारधी वस्ती, वीटभट्टी, खडी क्रशर, जिनिंगच्या आवारातल्या खोल्या, शेतातल्या आखाड्यावर राहणारी सालगड्याची कुटुंबे आणि बाजारतळाजवळ उतरलेली पाले या ठिकाणी प्रत्यक्ष जावे लागते. जाण्याची वेळ दिवे लागणीची असावी, कारण दिवसा आईबाप रानात असतात आणि घरी सापडलेले मूल अनोळखी माणसाला काही सांगत नाही. दोघांनी जावे, त्यांत एक बाई असावी आणि शक्य असेल तर एकजण त्याच समाजातला असावा. पारधी किंवा मसणजोगी अशा भटक्या समाजाच्या वस्तीवर कागद-पेन घेऊन आलेल्या माणसाकडे लोक आधी संशयानेच पाहतात आणि तो संशय निराधार नसतो. म्हणून पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहू द्यावी.

वहीत मुलाचे नाव, अंदाजे वय आणि आईबापाचे नाव तर लिहावेच, परंतु त्यापुढे तीन गोष्टी मुद्दाम टिपाव्यात : मूल दिवसभर काय करते, घर वर्षातले किती महिने गावात असते, आणि शाळा सुटली असल्यास कोणत्या इयत्तेत व कोणत्या महिन्यात सुटली. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच बहुधा कारण दडलेले असते. राज्यात ४ जुलै २०१५ रोजी एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले आणि २०२२ च्या जुलैमध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ राबवले गेले. अशा मोहिमा हव्यातच, पण जुलैत ऊसतोड मजूर आपापल्या गावी असतात, त्यामुळे दसऱ्यानंतर कोण बाहेर पडणार हे जुलैच्या यादीत दिसत नाही. गावाने आपली यादी वर्षातून तीनदा पाहावी : शाळा उघडताना, पोळ्याच्या सुमारास आणि गुढीपाडव्यानंतर.

घरातले कारण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ‘आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ हे वाक्य मी असंख्य बैठकांत ऐकले आहे आणि ते मला पटत नाही. ज्या घरात मी बसलो त्या जवळजवळ प्रत्येक घरात पोराने शिकावे असेच आईला वाटत होते. अडचण दिवसभराच्या कामाच्या वाटणीत होती.

एका वस्तीवर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी रोज शाळेच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहायची. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, त्याला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घेत ती वर्गातला पाढा ओठांतल्या ओठांत म्हणत असे. आत ये म्हटले तर तिने एवढेच विचारले, “ह्याला कुठं ठिवू?” त्या मुलीसमोर शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण करण्यात काही अर्थ नव्हता. तिच्या आजीशी बोलून दुपारपर्यंतची जबाबदारी आजीने घेतली, अंगणवाडी सेविकेने खाऊच्या वेळी त्या बाळाला जवळ बसवण्याचे कबूल केले, आणि आजी आजारी असेल त्या दिवशी बाळासह वर्गात बसण्याची मोकळीक वर्गशिक्षिकेने तिला दिली. पहिल्या पंधरवड्यात बाळ चार वेळा वर्गात आले, रडले, पोषण आहाराचा भात खाऊन सतरंजीवर झोपले. मुलगी मात्र रोज आली.

प्रत्येक घराचे कारण असेच नेमके शोधावे लागते. कुठे शेळ्या असतात. तिथे दोन-तीन घरांच्या शेळ्या एका मोठ्या माणसाने पाळीपाळीने नेण्याची तोड निघते. कुठे वडील गेलेले असतात आणि आई रोजंदारीवर असते. अशा घरासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून एकल पालकाच्या मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करायचा असतो. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्येनंतर उघड्यावर पडलेल्या अनेक घरांना ही योजना ठाऊकच नसते. कुठे शाळा दूर असते. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतराचे निकष आहेत; त्याहून लांबच्या वस्तीसाठी वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत गटसाधन केंद्राकडे (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरच्या केंद्राकडे) पाठवावा. पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मिळतो आणि मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्याही आहेत. काही घरांत कारण मार हे असते. मूल शाळेत मार खाऊन किंवा जातीवरून हिणवले जाऊन घरी बसलेले असेल, तर त्याला परत आणण्याआधी शाळेत जाऊन बोलावे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने स्पष्ट बंदी आहे.

प्रवेशाचा दिवस

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो पालकाला धाक घालण्यासाठी वापरू नये. प्रवेशाच्या टेबलावर मात्र त्यातली चार कलमे तोंडपाठ असावीत. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. शैक्षणिक वर्ष सुरू होऊन कितीही दिवस झाले असले तरी मुलाला परत पाठवता येत नाही, हे कलम १५ मध्ये आहे. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तर त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही आणि दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक कारवाईस पात्र ठरतो, हे कलम ५ चे सार. आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत बसवावे, ही कलम ४ ची तरतूद.

जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्याची किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, आणि तीही नसेल तर पालकाचे वयाबाबतचे घोषणापत्र घेता येते. तारीख काढताना आईला तारीख विचारू नये, प्रसंग विचारावा. अशाच एका नोंदणीत एका माऊलीने सांगितले, “लातूरला रेल्वेनं पाणी आलं बगा, त्या उन्हाळ्यातली हाय ही.” रेल्वेने लातूरला पाणी आले ते २०१६ च्या एप्रिलपासून. अंगणवाडीच्या जुन्या वहीत त्याच वर्षीच्या मे महिन्यातली लसीची नोंद निघाली आणि जन्मतारखेचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मोठी गारपीट आणि २०२० चा पहिला लॉकडाऊन हेही असेच सर्वांच्या लक्षात राहिलेले टप्पे आहेत. जनरल रजिस्टरमध्ये एकदा लिहिलेली जन्मतारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते, म्हणून घाईने १ जून लिहून मोकळे होऊ नये. ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिचा त्रास मुलाला आयुष्यभर होतो.

आधार कार्डाचा प्रश्न हमखास निघतो. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे. तरीही मुख्याध्यापकांची अडचण खोटी नसते, कारण ऑनलाइन नोंदणी आणि संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदे ठरवणे) आधारशी जोडलेली आहे. यावर व्यवहार्य मार्ग असा की प्रवेश त्याच दिवशी घ्यावा आणि आधार काढून देण्याची जबाबदारी आपण अंगावर घ्यावी. जवळच्या आधार केंद्रापर्यंत मुलाला व आईला नेण्याचे भाडे त्या घराला परवडत नसते, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच काम होते.

गावातील जिल्हा परिषद शाळेत प्रवेश, पाठ्यपुस्तके, गणवेश आणि दुपारचा पोषण आहार हे सारे मोफत आहे, हे पालकाला स्वच्छ शब्दांत सांगावे. प्रवेश अर्जाची एक प्रत पालकाच्या हाती द्यावी. ज्यांच्याकडे कागद म्हणून काहीच नाही, त्या घरांत तो कागद ट्रंकेत जपून ठेवला जातो.

इतके करूनही कोणी प्रवेश नाकारला, तर तोंडी वाद न घालता मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच मागितल्याबरोबर बहुतेक अडथळे दूर होतात. न झाल्यास केंद्रप्रमुख (परिसरातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आणि मग पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जावे. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा आणि पुढचे अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते.

कोणत्या वर्गात बसवावे

सहा वर्षे पूर्ण झालेले मूल पहिलीत या हिशेबाने नऊ वर्षांचे मूल चौथीत आणि दहा वर्षांचे पाचवीत बसते, मग त्याला अक्षरओळख असो वा नसो. पाचवीच्या पुढच्या वर्गांसाठी राज्याने २०२३ मध्ये पाचवीच्या वार्षिक परीक्षेची अट घातली आहे. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या, कधीच शाळा न पाहिलेल्या मुलाच्या बाबतीत मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवावे.

वाचता न येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला पाचवीत बसवणे अनेक शिक्षकांना अन्याय वाटतो. त्याला पहिलीत बसवले तर काय होते ते मी पाहिले आहे : गुडघे बाकाला लागतात, सहा वर्षांची मुले हसतात, आणि आठ दिवसांत तो पुन्हा शेळ्यांमागे जातो. कायद्याने यासाठीच विशेष प्रशिक्षणाची सोय केली आहे. ते कमीत कमी तीन महिने आणि गरजेनुसार दोन वर्षांपर्यंत देता येते. मूल आपल्या वयाच्या सोबत्यांबरोबर वर्गात, खेळात आणि जेवणाच्या पंगतीत असावे आणि रोज दीड-दोन तास त्याला वेगळे घेऊन वाचन-लेखन-गणित शिकवावे, ही मला सर्वांत टिकाऊ वाटलेली रीत आहे. ज्या मुलाने बाजारात शेळीचा सौदा पाहिला आहे किंवा उसाच्या मोळ्या मोजल्या आहेत, त्याला हिशेब येत असतो. त्याला फक्त तो लिहायला शिकवायचा असतो. तांड्यावरच्या मुलाला गोरमाटी ही बंजारा बोली आणि पारधी मुलाला त्याची घरची बोली बोलू द्यावी. पहिल्या महिन्यात तांड्यावरची सहावी-सातवीतली एखादी ताई शेजारी बसवली, तर मराठीची भीती लवकर जाते.

पहिला महिना फार नाजूक असतो. सलग तीन दिवस मूल आले नाही तर चौथ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी घरी जावे, रागावण्यासाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी. बहुतेक वेळा ताप, पाहुणे किंवा धुवायला टाकलेला एकुलता एक गणवेश एवढेच कारण निघते.

ज्यांना वेगळी वाट लागते

अपंग मूल यादीतून बहुधा गळते, कारण घरचे लोकच त्याला मोजत नाहीत. लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वयाच्या अठरापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना घरी बोलवावे. अतितीव्र अपंगत्व असेल तर गृहाधारित शिक्षणाची सोयही आहे.

बारा-तेरा वर्षांची मुलगी अचानक शाळेत यायची थांबली, तर लग्नाची बोलणी चालू नाहीत ना, हे बाईमाणसाकडून हळूच जाणून घ्यावे. खेडेगावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मात्र लग्न थांबवल्यानंतर त्या मुलीची शाळेची व राहण्याची सोय केली नाही, तर पुढच्या तिथीला तेच घडते. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय ही मुलींची निवासी शाळा जवळ असेल तर तिथली जागा आधी पक्की करावी आणि मगच आईबापांसमोर बसावे.

तेरा ओलांडलेल्या मुलाला ‘आता काय उपयोग’ म्हणून परत पाठवू नये. चौदापूर्वी प्रवेश घेतलेले मूल चौदा पूर्ण झाल्यावरही आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पूर्ण करू शकते. त्याहून मोठ्यांसाठी राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि दहावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो.

ऊसतोडीचे गणित

मराठवाड्यात हे काम शेवटी इथेच अडते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. उचल घेतली म्हणजे जाणे ठरले. मग आपण कितीही समजावले तरी ते कुटुंब थांबू शकत नाही आणि त्यांना थांबवण्याचा प्रयत्नही करू नये. आपला प्रश्न मूल कुठे राहील एवढाच असतो. ऊसतोडीला मुलगी सोबत न्यावी लागते ती उसासाठी नव्हे, तर फडावर (ऊसतोडीच्या शेतात) आई असताना कोपीत (मजुरांच्या झोपडीत) लहान भावंडे कोण सांभाळील आणि संध्याकाळची भाकरी कोण थापील यासाठी. आणि मुलीला मागे ठेवायचे म्हटले तरी आईच्या पोटात भीती असते, ती तिच्या सुरक्षिततेची. या दोन्ही गोष्टींची उत्तरे तयार असल्याशिवाय आईशी बोलायला जाऊ नये.

पहिला पर्याय हंगामी वसतिगृहाचा. समग्र शिक्षा अभियानातून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ते गावातच चालवले जाते. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते, आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व अभ्यासाची सोय तिथे होते. याचा प्रस्ताव टोळ्या निघाल्यावर करून उपयोग नाही. पोळ्याच्या सुमारास जाणाऱ्या कुटुंबांची आणि मागे राहू शकणाऱ्या मुलांची नावनिशीवार यादी करून, पालकांची संमती घेऊन, समितीचा ठराव केंद्रप्रमुखांमार्फत वर पाठवावा. मंजुरी आणि निधी उशिरा येतो हा अनेक गावांचा अनुभव आहे, म्हणून पहिल्या महिन्याच्या धान्याची तजवीज लोकवर्गणीतून करून ठेवावी. संध्याकाळी एका विश्वासू बाईची हजेरी तिथे असलीच पाहिजे, आणि ती बाई कोण हे आईला नावानिशी सांगावे. याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. आपल्या तालुक्यात ते सुरू आहे का याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

मूल सोबत जाणारच असेल, तर शाळेने त्याला शिक्षण हमी कार्ड द्यावे. त्यावर इयत्ता आणि शिकून झालेला भाग लिहिलेला असतो, आणि ते दाखवून कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत दाखल्याशिवाय बसता येते. स्थलांतरित कुटुंबातील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे तिथल्या स्थानिक प्राधिकरणाचे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार कर्तव्य आहे. पण कार्ड देऊन थांबू नये. टोळी कोणत्या कारखान्याला आणि कोणत्या गावच्या अड्ड्यावर उतरणार, हे मुकादमाला विचारून तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधीच फोन करावा. मुकादमाला या कामात शत्रू समजू नये. टोळीचा ठावठिकाणा आणि परतीचा दिवस त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो. टोळी बेळगावकडे जाणार असेल तर तिकडे मराठी शाळा कुठे आहे तेही पाहून ठेवावे, नाहीतर कन्नड वर्गात बसलेले मूल चार दिवसांत कोपीवर परतते.

हंगामात दर पंधरा दिवसांनी फोन करावा, आणि तो मुलालाच द्यायला सांगावा. कुठली शाळा, बाईंचे नाव काय, आज काय शिकवले, या तीन प्रश्नांत ते शाळेत जाते की नाही हे समजते. मूल गावी मागे राहिले असेल, तर हाच फोन उलट्या दिशेने लावून त्याला रविवारी आईशी बोलायला द्यावे; वसतिगृहातून पळून फडावर गेलेली जी मुले मी पाहिली, ती उपाशी राहिल्यामुळे गेलेली नव्हती, आईची आठवण अनावर झाल्यामुळे गेली होती.

गुढीपाडव्याच्या मागेपुढे टोळ्या परततात. त्या आठवड्यात पुन्हा दिवे लागणीला वस्तीवर जावे, कार्डावरच्या नोंदी पाहून मुलाला त्याच दिवशी त्याच्या मूळ वर्गात घ्यावे, आणि वार्षिक परीक्षा होईपर्यंतचे आठवडे केवळ राहिलेल्या भागासाठी द्यावेत. सुट्टीत रोज एक तास झाडाखाली वर्ग भरवता आला, तर जूनमध्ये ते मूल मागे पडलेले दिसत नाही. जे परतले नाही, त्याच्या नावापुढे मुकादमाकडून कळलेला पत्ता लिहून ती वही पुढच्या वर्षीच्या शिक्षकाच्या आणि व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाच्या हाती, त्यांची सही घेऊन, सोपवावी.